बॅटरी अचानक जात नाही

‘काल संध्याकाळपर्यंत गाडी व्यवस्थित होती, आज सकाळी अचानक बॅटरी गेली,’ हे वाक्य चारचाकी असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोलले जाते. यातला ‘अचानक’ हा शब्द मात्र क्वचितच खरा असतो. बॅटरी जाण्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे खुणा देत असते. त्या आवाजाच्या असतात, उजेडाच्या असतात, वासाच्याही असतात. त्या ओळखायला मेकॅनिक असावे लागत नाही. या लेखात आम्ही त्या खुणा सांगणार आहोत. दोष दुसरीकडे असताना नवी बॅटरी घेऊन पैसे कसे वाया जातात, तेही सांगणार आहोत.

गाडी कुठे बंद पडते, याला महत्त्व आहे

आम्ही पेठ परिसरातले. पुण्याहून नाशिककडे निघाले की राजगुरुनगर मागे पडते, खेड घाट चढून गाडी सातगाव पठारावर येते आणि पेठ लागते. पुढे अवसरीचा घाट ओलांडला की मंचर. म्हणजे आमचे गाव दोन घाटांच्या मध्ये. दवाखाना म्हटले तर मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, नाही तर राजगुरुनगर. कुठेही जायचे तरी घाट वाटेत आहेच. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तरी रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या किंवा अब्बांच्या छातीत दुखू लागले, की घरातला पहिला हात अंगणातल्या गाडीच्या चावीकडे जातो. वाडी-वस्तीवर तर एका घरची गाडी म्हणजे चार घरांचा आधार.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आता नेहमीचा झाला आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ते याच कारणाने. अशा भागात रात्री उसाच्या कडेला गाडी बंद पडणे आणि लहान मुलांना घेऊन उतरून धक्का मारणे, ही साधी गैरसोय राहत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या घरांच्या रचनेची. अनेक घरांतला कर्ता पुरुष पिंपरी-चिंचवडला, मुंबईला किंवा आखातात नोकरीला आहे. गाडी घरी उभी, चालवणारा बाहेर. मग ईदच्या सुट्टीला तो येतो, चांदरातीला खरेदीसाठी सगळे गाडीत बसतात, चावी फिरते आणि नुसता ‘टक’ असा आवाज येतो. म्हणून हा लेख गाडी चालवणाऱ्या पुरुषांइतकाच घरी राहणाऱ्या माणसांसाठी आहे.

बॅटरी नेमके करते काय?

गाडीच्या बॅटरीच्या डब्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात, म्हणजेच अ‍ॅसिडमध्ये बुडालेल्या असतात. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा कप्पे जोडले की साडेबारा व्होल्टच्या थोडे वर. हीच आपली ‘१२ व्होल्टची’ बॅटरी. शिसे आणि अ‍ॅसिडची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ तत्त्व आजही तेच आहे.

सुरुवातीच्या मोटारींना हँडल मारून इंजिन फिरवावे लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसवून आला. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याचे ते काम. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो हाच. आपल्याकडच्या जुन्या जीपना हँडल मारताना आजोबांना पाहिलेले लोक अजून गावात आहेत. आताच्या गाड्यांना ती सोय नाही. सेल्फ फिरला नाही तर गाडी जागची हलत नाही.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे,’ असे आपण समजतो. पुढच्या दोन दिव्यांना मिळून ८-१० अ‍ॅम्पिअर करंट लागतो. सेल्फला मात्र क्षणभरासाठी शे-दीडशे अ‍ॅम्पिअर लागतात आणि डिझेल गाडीला त्याहून जास्त. हे काम दोन सेकंदांचेच असते, एकूण वीजही फार खर्च होत नाही. पण ती एकदम, एका झटक्यात द्यावी लागते. म्हातारी झालेली बॅटरी दिवे लावू शकते, गाणी वाजवू शकते, पण तो झटका देऊ शकत नाही. एखाद्या वृद्धाने घरात हळूहळू चालावे, पण गव्हाचे पोते उचलता येऊ नये, तसे हे आहे.

एकदा इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर वीज बनवतो. गॅरेजमध्ये त्याला ‘डायनामो’ म्हणतात. तो गाडीची गरज भागवतो आणि बॅटरीही पुन्हा भरतो. सीएनजी गाडीलाही हीच १२ व्होल्टची बॅटरी लागते आणि विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांमध्येही मोठ्या बॅटरीबरोबर बहुधा ही छोटी बॅटरी असतेच.

कानाला कळणाऱ्या खुणा

सगळ्यात विश्वासू खूण आवाजाची. रोज सकाळी आपली गाडी कशी सुरू होते, तो आवाज घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. तो आवाज लांबू लागला, इंजिन जड जड फिरू लागले, एका झटक्यात सुरू होणारी गाडी दोन-तीनदा चावी फिरवायला लावू लागली, की ती पहिली नोटीस समजा. विशेषतः रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे असे होत असेल आणि दुपारी तीच गाडी लगेच सुरू होत असेल, तर संशय बॅटरीवरच घ्या. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातले ऑइल घट्ट होऊन सेल्फचे काम वाढते. हिवाळ्यात जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात पारा चांगलाच खाली जातो. त्या दिवसांत अशक्त बॅटरी उघडी पडते.

पुढची पायरी म्हणजे चावी फिरवल्यावर ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर येणारा आवाज. सेल्फ ओढायला जातो, बॅटरी दम सोडते, पुन्हा ओढतो, पुन्हा सोडते. हा आवाज आला म्हणजे ताकद जवळपास संपली, किंवा टर्मिनल सैल झाले.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

रात्री गाडी उभी असताना दिवे मंद आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तेज होत असतील, तर बॅटरी किंवा चार्जिंग यांपैकी एक कमजोर आहे. काचा वर जाताना रेंगाळतात, सेंट्रल लॉक अर्धवट काम करते, डॅशबोर्डवरचे घड्याळ किंवा रेडिओ गाडी सुरू करताना बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, याही खुणाच. काही गाड्यांत व्होल्टेज खाली गेले की भलतेसलते इशारे एकाच वेळी लागतात आणि मालक घाबरून जातो. मूळ कारण एकच असते.

आता बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी पूड जमली आहे का? ती असेल तर करंट पुरता जात नाही. बॅटरीचे पोट फुगले आहे का? कोपऱ्यात अ‍ॅसिड पाझरून खालची पत्र्याची ताटली गंजली आहे का? फुगलेली, तडा गेलेली किंवा पाझरणारी बॅटरी दुरुस्त होत नाही, ती बदलायचीच.

काही बॅटऱ्यांवर गोल भिंगासारखा डोळा असतो. त्याचा हिरवा, काळा किंवा पांढरा रंग काय सांगतो, ते शेजारच्या लेबलवर लिहिलेले असते. मात्र हा डोळा सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो. उरलेल्या पाचांपैकी एखादा मेला असला तरी डोळा हिरवाच दिसू शकतो. म्हणून त्याचा काळा-पांढरा रंग गंभीरपणे घ्या, पण हिरव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

नाकाचे काम

बॉनेटमधून सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी जास्त चार्ज होते आहे किंवा आतून बिघडली आहे. अशा वेळी इंजिन बंद करा, मुलांना दूर करा, जवळ काडी किंवा सिगारेट पेटवू देऊ नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो.

या सगळ्यांच्या जोडीला वय बघा. आपल्या हवामानात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे साथ देते. तीन वर्षे झाली आणि वरचे एखादे लक्षण दिसले, की वाट पाहू नका. लांबच्या लग्नाला निघण्याआधी तपासून घ्या.

बॅटरीवर खापर फोडण्यापूर्वी

गाडी सुरू झाली नाही की आपण बॅटरीच्या दुकानात जातो आणि दुकानदार बॅटरीच विकतो. लहान गाडीचीही बॅटरी चार-पाच हजारांच्या घरात जाते. एवढे पैसे घातल्यावर पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली, की माणूस कंपनीला दोष देतो. अशा वेळी दोष बहुधा दुसरीकडे असतो. आम्ही चार शक्यता सांगतो.

पहिली, टर्मिनल. सैल किंवा पूड चढलेले टर्मिनल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित दोष. हाताने हलवून पाहा. हलत असेल तर दोष सापडला. साफ करायचे तर इंजिन बंद, चावी काढलेली. आधी निगेटिव्ह (–) टर्मिनल सोडवा, मग पॉझिटिव्ह (+). पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, कोरडे करून आधी पॉझिटिव्ह जोडा, शेवटी निगेटिव्ह. वरून थोडे व्हॅसलिन लावा.

दुसरी, अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो दिवा गाडी चालत असताना पेटला, तर बॅटरी भरली जात नाही असा त्याचा अर्थ. गाडी आता साठवलेल्या विजेवर चालली आहे. एसी, गाणी, मोबाइल चार्जर बंद करा आणि इंजिन न बंद करता जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. त्याच वेळी इंजिनाचे तापमानही चढू लागले तर मात्र ताबडतोब सुरक्षित जागी थांबा; बेल्ट तुटला असेल तर काही गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो.

तिसरी, सेल्फ. पुढचे दिवे लावून चावी फिरवा. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे लख्ख राहिले आणि एकच मोठा ‘टक’ आवाज येऊन शांतता झाली, तर संशय सेल्फवर.

चौथी, गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, संगणक यांना थोडी वीज लागतेच. हिशेब करून पाहा. ३५ अ‍ॅम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी आणि गाडी बंद असताना ५० मिलिअ‍ॅम्पिअर खर्च धरला, तर दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-अवर जातात. पंधरा दिवसांत बॅटरी अर्धी. आखातातून येणाऱ्या भावाची गाडी का सुरू होत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. त्यात जीपीएस, डॅशकॅम, बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर यांची भर पडली, तर पंधराचे आठ दिवस होतात. डिक्कीतला किंवा आतला छोटा दिवा चालू राहिला तरी तेच.

दोनशे-तीनशे रुपयांचे मीटर

घरातला वीज जोडणीचे काम जाणणारा मुलगा मल्टिमीटर वापरतोच. तेच मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल सुई पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला लावायची. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा, सकाळी सुरू करण्याआधी मोजा.

१२.६ किंवा त्याहून जास्त आले तर बॅटरी भरलेली. १२.४ च्या आसपास म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव किंवा त्याहून कमी. साडेदहाच्या आसपास अडकून राहिले आणि चार्ज करूनही वर गेले नाही, तर एक कप्पा मेला असे समजा.

आता दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा आणि मीटर पाहत राहा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली. भरलेली असूनही कोसळत असेल, तर बदलण्याची वेळ झाली.

तिसरे माप इंजिन सुरू असताना. साधारण १३.८ ते १४.७ दरम्यान हवे. १३ च्याही खाली असेल तर चार्जिंगचा दोष. १५ च्या वर गेले तर जास्त चार्ज होऊन बॅटरी उकळते आहे. नव्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एका मापावर निकाल देऊ नका, दोन-तीनदा पाहा. मीटर नसेल तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर असतो, त्यावर तपासून घ्या.

एक जुनी पद्धत मात्र कोणालाही करू देऊ नका. ‘डायनामो तपासतो’ म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढतात. जुन्या जीपला ते चालून गेले असेल. आताच्या गाडीचा संगणक त्यात जळू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने दोन टर्मिनल जोडून ठिणगी पाहणे तर उघड उघड जिवाशी खेळ.

आयुष्य कशाने कमी होते?

सर्वांत मोठा शत्रू उष्णता. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखाली बॅटरी भाजते, आतले पाणी उडते, पट्ट्या झिजतात. बॅटरी मरते उन्हाळ्यात, खबर येते थंडीत, असे म्हटले तरी चालेल. म्हणून गाडी सावलीत लावा.

दुसरा शत्रू अर्धवट चार्ज. बाजारापर्यंत दोन किलोमीटर, मशिदीपर्यंत एक, शाळेपर्यंत दीड, अशा फेऱ्यांत सेल्फ पुष्कळदा वापरला जातो आणि भरून निघायला वेळ मिळत नाही. बॅटरी बराच काळ अर्धी राहिली की पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि क्षमता कायमची कमी होते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. नुसती अंगणात पाच मिनिटे सुरू ठेवणे पुरेसे नाही.

तिसरा शत्रू आपला उत्साह. वलिम्याच्या मांडवात लाइट गेली की गाडीच्या बॅटरीवर दिवा जोडणे, बंद गाडीत तासन्‌तास गाणी लावणे. इन्व्हर्टरची बॅटरी हळूहळू रिकामी होण्यासाठी बनवलेली असते. गाडीची बॅटरी झटक्यासाठी. तिला तळापर्यंत रिकामी केली की प्रत्येक वेळी तिचे आयुष्य तुटते.

झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल, तर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे, नळाचे किंवा फिल्टरचे पाणी नको. अ‍ॅसिड तर घरी कधीच घालू नका.

ऐनवेळी गाडी सुरू झाली नाही तर

घाटात किंवा उसाच्या कडेला असाल तर आधी गाडी शक्य तितकी कडेला, चारही इंडिकेटर चालू, मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण. रात्री बिबट्याच्या भागात मुले आणि बायका आतच बसू द्या, काचा बंद, फोनवरून मदत बोलवा. मात्र गाडी महामार्गाच्या चालू लेनमध्येच अडकली असेल, तर आत बसणे जास्त धोक्याचे. सगळ्यांनी एकत्र, टॉर्च लावून, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक आहेत. रुग्ण सोबत असेल तर गाडीशी झटण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन लावा.

दुसरी गाडी आणि जम्पर केबल मिळाली तर क्रम असा: लाल केबलचे एक टोक बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, दुसरे चांगल्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या गाडीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून हा क्रम. चांगली गाडी दोन-तीन मिनिटे सुरू ठेवा, मग दुसरी सुरू करा. केबल काढताना क्रम उलटा. फुगलेल्या किंवा पाझरणाऱ्या बॅटरीला जम्प देऊ नका.

धक्का मारून फक्त गिअरची गाडी सुरू होते, ऑटोमॅटिक नाही. सपाट जागी चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. घाटाच्या उतारावर बंद गाडी सोडून देण्याचा मोह मात्र आवरा. इंजिन बंद असताना पॉवर ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होते. अवसरीच्या घाटात ती चूक सुधारायला दुसरी संधी मिळेल, याचा भरवसा नाही.

गाडी सुरू झाल्यावर ‘झाले काम’ म्हणून विसरू नका. अर्ध्या तासाच्या प्रवासात रिकामी बॅटरी पूर्ण भरत नाही. चार्जरवर काही तास लावून मग तपासा.

अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर लगेच वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि डोळ्याच्या बाबतीत थेट दवाखाना गाठा.

नवी घेताना, जुनी देताना

गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकाराची आणि क्षमतेचीच बॅटरी घ्या. सिग्नलवर आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या प्रकारची बॅटरी लागते. स्वस्त मिळते म्हणून साधी बसवू नका. बनवल्याची तारीख पाहा, तीन-चार महिन्यांहून जुना माल नको. वॉरंटी ‘३६ + १८’ अशी लिहिलेली असेल तर पहिले ३६ महिने बदलून मिळते आणि पुढच्या १८ महिन्यांत नव्यावर काही सूट मिळते. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर तिथल्या तिथे भरून घ्या, बिल घरी फाइलला लावा.

जुनी बॅटरी दुकानात परत दिली की किमतीत सूट मिळते. ती भंगारवाल्याला देण्यापेक्षा दुकानातच द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत ठिकाणी त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवले की त्याची धूळ आणि धूर मुलांच्या अंगात जातो. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि तो परिणाम भरून निघत नाही. म्हणून जुनी बॅटरी अंगणात, गोठ्यात, मुलांच्या खेळण्याच्या जागी ठेवूच नका.

घराची जबाबदारी

महिन्याचा पहिला जुम्मा ठरवून टाका. नमाजला निघण्यापूर्वी दहा मिनिटे बॉनेट उघडा, टर्मिनल पाहा, पाणी पाहा, मीटर असेल तर आकडा एका कागदावर लिहा. तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक आले की बॅटरी चढते आहे की उतरते आहे, ते कोणीही वाचू शकतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवायला घरातल्या एकाला तरी शिकवा. मात्र त्याआधी दरवाजे किल्लीने उघडतात ना, याची खात्री करून घ्या.

आणि सकाळी गाडी सुरू होताना आवाज बदललेला वाटला तर तो सांगण्याची सवय घरात लावा. स्वयंपाकघरातल्या अम्मीच्या किंवा ओट्यावर बसलेल्या दादीच्या कानाला तो फरक चालवणाऱ्याच्या आधी कळतो. ‘आज गाडीनं जरा वेळ घेतला रे,’ असे त्यांनी म्हटले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी तपासा.